नेहमीचं वाक्य

कणगी घरात आली त्या दिवशी भूपाल मगदूम यांच्या मागच्या खोलीतून सहा यंत्रं बाहेर निघाली. टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा जुना संगणक, त्याला जोडलेल्या तीन हार्ड डिस्क, फोटोंसाठी ठेवलेला वेगळा डबा आणि कागदपत्रं साठवलेला लॅपटॉप. त्या सगळ्यांच्या जागी कोपऱ्यात आता एकच गोल, पांढरा, धान्याच्या डब्याएवढा सर्व्हर उभा राहिला. कंपनीने त्याला नाव दिलं होतं ‘कणगी’. खोक्यावर छापलं होतं : घरातलं सगळं, एकाच जागी.

“सहा गेली आणि एक आली,” विमलताई दारातून म्हणाल्या. “खोली मोकळी झाली की माझं शिलाई मशीन इथं ठेवायचं ठरलं होतं.”

“ठेव की.”

“कुठं ठेवू? आता तुम्ही दिवसभर त्या डब्यापुढं बसणार.”

भूपालअण्णा आमणगावच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सवयी निवृत्त झाल्या नव्हत्या. मगदूमांचं घर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता सगळे मोकळे असत. सात वाजता स्थानिक केबलवर ‘सुरई वार्ता’ लागे. सुरई ही गावाची नदी. गावातलं वर्तमानपत्र बंद पडल्यावर गावाची बातमी फक्त त्या पंधरा मिनिटांत उरली होती. ग्रंथालयात अण्णा रोज बातम्यांची कात्रणं काढून ठेवत. वर्तमानपत्रच राहिलं नाही, तेव्हा त्यांनी घरी सातची बातमी रेकॉर्ड करायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

कणगी पाठवली होती पुण्याच्या मुलाने, सन्मतीने. कारण साधं होतं. २०३९ पर्यंत जगातल्या बहुतेक डिस्क मोठ्या माहिती-केंद्रांनी कारखान्यातूनच उचलायला सुरुवात केली होती. घरगुती डिस्क मिळेनाशी झाली, आणि क्लाउडवरच्या साठवणीचं भाडं दर वर्षी वाढत गेलं. लोकांपाशी तीस-तीस वर्षांचे फोटो, लग्नं, बारशी, फोनवरची बोलणी पडून होती आणि ठेवायला जागा नव्हती. तेव्हा कणगीसारखी यंत्रं निघाली. कमी जागेत दहापट माल.

ही करामत समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं.

पूर्वीची यंत्रं दोन फायली अक्षरश: सारख्या असल्या तरच त्यांतली एक काढून टाकत. कणगी अर्थ पाहते. एकच निवेदिका, एकच निळा पडदा, एकच टेबल हजार दिवसांच्या हजार बातम्यांत असेल, तर हजार वेळा ते साठवायचं कशाला? कणगी तो चेहरा, तो आवाज, तो पडदा एकदाच शिकून घेते. नंतर प्रत्येक दिवसाचा फक्त फरक लिहून ठेवते. तुम्ही जुनी बातमी मागितली की ती साठवलेली बातमी काढून दाखवत नाही; शिकलेल्या गोष्टीत त्या दिवसाचा फरक मिसळून ती बातमी नव्याने तयार करते. हे इतकं सफाईने होतं की चित्र मूळच्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

जागा कमी पडू लागली की कणगी फरकांची छाटणी करते. जो फरक लहान आहे, जो कोणी पाहत नाही, तो ती सोडून देते. मग त्या जागी काय भरायचं? नेहमी जे घडतं, ते.

अण्णांनी माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यांना ती पटली. ग्रंथालयात याला निर्लेखन म्हणतात. एका पुस्तकाच्या पाच जीर्ण प्रती असतील तर एक ठेवायची, चार नोंदीतून कमी करायच्या. त्याचा नियम असा की निर्लेखित प्रत शिल्लक राहता कामा नये. शिक्का मारायचा, पानं फाडायची, लगद्याला द्यायची. नाहीतर ती प्रत रद्दीतून फिरत परत येते आणि मोजणीच्या वेळी ग्रंथपालाचं डोकं खाते. त्याआधी मात्र ठेवलेली प्रत पूर्ण आहे ना, हे स्वत: पाहायचं. पडताळणीशिवाय निर्लेखन नाही.

सगळा माल कणगीत चढल्यावर अण्णांनी पडताळणी केली. कुठलंही वर्ष, कुठलाही दिवस लावून पाहिला. शेवटी एक बातमी राहिली होती. ती त्यांनी दार लोटून लावली.

२०३३ च्या पुरातली सातची बातमी. निवेदिका माधवी ढवळे भिजत स्टुडिओत पोचल्या होत्या. केस ओले, कपाळाला चिकटलेले. आवाजाला धाप. त्या वाचत होत्या : “धरणातून आज रात्री पाणी सोडले जाणार नाही, असे प्रशासनाने कळवले आहे. नदीकाठच्या नागरिकांनी घरे सोडण्याची आवश्यकता नाही.”

“बंद करा ते,” विमलताई बाहेरून म्हणाल्या. दार लोटून उपयोग झाला नव्हता.

अण्णांनी बंद केलं. वाक्य जागेवर होतं. पडताळणी झाली.

त्या रात्री पाणी सोडलं गेलं होतं. पहाटेपर्यंत आमणगावची खालची पेठ पाण्याखाली होती. तिथे अण्णांचा धाकटा भाऊ शांतिनाथ आणि त्याची बायको कुसुम राहत. दर पुराला ती दोघं, गाठोडं आणि मुलगी त्रिशला वरच्या कॉलनीत अण्णांकडे येत. चार दिवस राहत, विमलताईंशी भांडत, पत्ते खेळत आणि पाणी उतरलं की परत जात. त्या वर्षी ती आली नाहीत. खालच्या पेठेत वीज गेली होती, टीव्ही बंद होता. अण्णांनी फोन करून सांगितलं होतं की थांबा. त्रिशला तेव्हा हुबळीला कॉलेजात होती, म्हणून वाचली.

‘सुरई वार्ता’चा स्टुडिओही त्याच रात्री बुडाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. प्रशासनाच्या कागदांत त्या दिवशीची सूचना होती ती दर वर्षीचीच : सतर्क राहावे, सुरक्षित स्थळी जावे. वेगळं वाक्य ऐकणारे बरेच होते, पण ऐकलेलं वाक्य कोणी घरात ठेवत नाही. ते ठेवलं होतं एकट्या भूपाल मगदूमांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याकडून ड्रिल आणलं.

“भिंतीला खिळा मारा म्हटलं तर महिना जातो तुमचा,” विमलताई म्हणाल्या. “आज बरं ड्रिल आलं?”

“नियम आहे.”

“घरात कसला नियम? राहू द्यात की एका पिशवीत.”

“एका वस्तूच्या दोन जागा झाल्या की कोणतीच जागा खरी राहत नाही,” अण्णा म्हणाले. हे ते ग्रंथालयात नव्या शिपायांना सांगत. त्यांनी परसात बसून प्रत्येक डिस्कला आरपार भोक पाडलं आणि भंगारवाल्याला दिल्या.

*

कणगीला आठवड्यातून एकदा काही विचारायचं असे. पडद्यावर ओळ येई : ‘समान नोंदी आढळल्या. एकत्र कराव्यात का?’ अण्णांना हे काम आवडू लागलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनांची सात वर्षं : हो. सन्मतीच्या मुलीचे एकसारखे झोपेतले फोटो : हो. ‘सातची बातमी, पावसाळा. साम्य सत्त्याण्णव टक्के’ : हो. ‘फोन, शांतिनाथ, पावसाळा. साम्य चौऱ्याण्णव टक्के.’ इथे ते क्षणभर थांबले. ते साठवलेले फोन त्यांनी भाऊ गेल्यापासून कधी ऐकले नव्हते आणि पुढेही ऐकणार नव्हते. हो.

पुढच्या वर्षी, पुरानंतर सात वर्षांनी, न्यायालयाच्या आदेशाने चौकशी आयोग नेमला गेला. बातमी आली त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. विमलताईंनी उचलला आणि अण्णांच्या हातात दिला.

“अण्णा, त्रिशला बोलतेय.”

सात वर्षांत ती त्यांच्याशी बोलली नव्हती. आईवडिलांच्या दिवसकार्याला आली, तेव्हा शेजारणींनी तिला सांगितलं होतं की तुझ्या अण्णांनीच थांबायला लावलं. अण्णा म्हणाले होते, टीव्हीवर सांगितलं होतं, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, दाखवतो. ती म्हणाली होती, मला काही बघायचं नाही. आणि गेली होती.

“बोल, बाळ.”

“ते रेकॉर्डिंग आहे अजून?”

“आहे.”

“आयोगापुढं द्याल?”

“देणार. आज सकाळीच अर्ज धाडलाय, त्यात लिहिलंय मी.”

“मग मी येते रविवारी,” ती म्हणाली. “आधी मला बघायचंय.”

*

रविवारी विमलताईंनी ज्वारीच्या भाकरी, मुगाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी केली. त्रिशला आली ती उंबऱ्यातच थबकली. चपला काढायच्या की नाही, असा विचार करत असल्यासारखी.

“मोठी आई, मी जेवून आलेय.”

“हुबळीपासून जेवत आलीस? बस गप. सूर्य बुडायला आलाय.”

जेवताना कोणी पुराचं बोललं नाही. विमलताईंनी तिच्या पानात न विचारता दुसरी भाकरी टाकली. “तुझ्या आईसारखीच. आधी नको म्हणायचं, मग तीन खायच्या,” त्या म्हणाल्या आणि त्रिशला हसली. अण्णांनी मान खाली घालून आमटी संपवली. या घरात ती हसली होती.

सात वाजता ती तिघं मागच्या खोलीत बसली. अण्णांनी कणगीला वर्ष आणि दिवस सांगितला.

निळा पडदा आला. माधवी ढवळे आल्या. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. निळी साडी, विंचरलेले केस, शांत आवाज. पावसाचे आकडे झाले, बंद रस्त्यांची यादी झाली. आणि मग : “नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे आणि प्रशासनाच्या सूचनेनुसार तातडीने सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.”

पुढची बातमी सुरू झाली.

“पुन्हा लावा,” त्रिशला म्हणाली.

अण्णांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच वाक्य.

“दुसरा दिवस लागला असेल,” विमलताई म्हणाल्या.

“नाही,” अण्णा म्हणाले. “दिवस हाच आहे. पण हे ते नाही. तिचे केस ओले होते.”

“काय?”

“माधवीबाईंचे केस. त्या भिजत आल्या होत्या. इथं चिकटले होते. डबा आला तेव्हा, दिवाळीत, मी बघितलंय त्रिशला, याच खोलीत, याच डब्यावर. काठावरच्यांनी घर सोडायची गरज नाही, असं स्पष्ट...”

“जुन्या डिस्क कुठं आहेत?”

“भोक पाडून भंगारात दिल्या.”

“कुणी?”

“मी.”

त्रिशला उठली. “मला एवढंच सांगा. त्या आठवड्यात सन्मतीदादाच्या सासरचे यायचे होते ना? बघायला?”

“त्रिशला!” विमलताई ओरडल्या.

“मी विचारतेय, मोठी आई. घरात पाहुणे येणार आणि त्याच वेळी खालच्या पेठेतली माणसं चिखलाच्या पायांनी गाठोडी घेऊन येणार. अण्णांना नको वाटलं असेल. माणसाला वाटू शकतं. सात वर्षं मी स्वत:ला सांगत होते की तसं नसेल, टीव्हीवरच सांगितलं असेल.” तिने पडद्याकडे बोट केलं. “सांगितलं होतं की. निघा म्हणून.”

ती गेली. विमलताई बाहेरच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, राहू द्यात पिशवीत.”

*

सन्मतीने पुण्याहून कणगीत डोकावून पाहिलं आणि फोन केला.

“पप्पा, त्या नोंदीच्या माहितीत एक आकडा असतो. मूळ अंश. त्या बातमीचा मूळ अंश तीन टक्के आहे.”

“म्हणजे?”

“तीन टक्के त्या दिवशीचं. उरलेलं तिनं बनवलंय. दर पावसाळ्यात पुराची बातमी, तीच बाई, तेच वाक्य. एकाच वर्षी वाक्य वेगळं. तिच्या हिशेबात तो किरकोळ फरक. तुम्ही एकत्र करायला हो म्हटलंत, जागा भरत आली, तिनं तो सोडला.”

अण्णांनी हे मनात आपल्या भाषेत लावून पाहिलं. पुस्तकाचं पान फाटलं, तर दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून ते चिकटवतात. ते स्वत: शेकडो वेळा चिकटवत आले होते. त्यात गैर काही नाही, कारण प्रत तीच असते. इथे पान चिकटवलं होतं दुसऱ्या पुस्तकाचं. अक्षर तेच, कागद तोच, पृष्ठक्रमांकही बरोबर.

“मी पडताळणी केली होती,” ते म्हणाले.

“तेव्हा बरोबरच असणार. नंतर बदललं. आवडतीत टाकायला हवं होतं पप्पा. आवडत्या नोंदींना ती कधी हात लावत नाही.”

“ती बातमी आवडती म्हणून कशी टाकणार?”

सन्मती आवाज खाली आणून म्हणाला, “एक होऊ शकतं. तुम्हाला वाक्य पाठ आहे. तिला सांगितलं तर ती ते परत बसवेल. ओले केसही करेल. फरक कोणाला कळणार नाही, कारण आत्ता आहे तेही तिनंच बनवलंय.”

“आणि मूळ अंश?”

“तो आयोगाला कळेलच. पण निदान खरं वाक्य तरी पुढं जाईल.”

अण्णांनी फोन ठेवला. दोन दिवसांनी त्रिशलाचा आला. सन्मतीने तिला सगळं समजावलं होतं.

“दादा म्हणतो ते करा,” ती म्हणाली.

“ते खोटं होईल.”

“तुम्हाला वाक्य आठवतंय ना? नक्की?”

“नक्की.”

“मग खोटं कसं? आत्ता आहे ते खरं आहे का?”

“आत्ता आहे ते यंत्रानं केलंय. ते मी केलेलं असेल,” अण्णा म्हणाले. “छत्तीस वर्षं मी नोंदी ठेवल्या, त्रिशला. नसलेलं पुस्तक मी कधी आहे म्हणून दाखवलं नाही.”

“असलेलं पुस्तक तुम्ही फाडलंत, अण्णा,” ती म्हणाली. “तेही नियमानं.”

*

आयोगाचं कामकाज नगरपालिकेच्या सभागृहात चाललं. अर्जात उल्लेख केला होता, त्यामुळे कणगी हजर करावी लागली. तज्ज्ञाने सांगितलं की रेकॉर्डिंग पुनर्रचित आहे. पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. माधवी ढवळे यांनी लेखी कळवलं होतं की हातात आलेला कागद वाचणं हे त्यांचं काम होतं आणि त्या दिवशीचा कागद त्यांना आठवत नाही. वरच्या कॉलनीतल्या तिघांनी अण्णांसारखंच वाक्य सांगितलं, चौघांनी नेहमीचं सांगितलं. चौघंही प्रामाणिक होती. नेहमीचं वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांच्याही डोक्यात एक कणगी होती.

प्रशासनाचे वकील मऊ आवाजाचे होते.

“मगदूमसाहेब, हे यंत्र तुमचं?”

“हो.”

“यात बदल करा, असं आमच्यापैकी कोणी तुम्हाला सांगितलं?”

“नाही.”

“मूळ डिस्क कोणी नष्ट केल्या?”

“मी.”

“का?”

“पडताळणीनंतर जुनी प्रत ठेवायची नसते. ग्रंथालयाचा नियम आहे.”

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. “म्हणजे रेकॉर्डिंग तुमचं, यंत्र तुमचं, परवानगी तुमची, भोक तुम्ही पाडलंत, आणि या सगळ्यानंतर यंत्रातून जे ऐकू येतं ते आमच्या कागदाशी जुळतं. बरोबर?”

“जुळतं. पण...”

“पुरावा म्हणून मी ते मागत नाही. फक्त जुळतं, एवढंच.”

“तिचे केस ओले होते,” अण्णा म्हणाले.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “साक्षीदारांनी विचारलं तेवढंच सांगावं.”

त्रिशला शेवटच्या रांगेत बसली होती. बाहेर पायऱ्यांवर अण्णा तिच्यासाठी थांबले. ती आली, त्यांच्या हातातली कणगीची जड पिशवी घेतली, रिक्षापर्यंत नेऊन ठेवली. ते त्रिशलाचं वळण होतं. म्हाताऱ्याला ओझं उचलू द्यायचं नाही.

“तुम्ही एक वाक्य बसवायला हवं होतं,” ती म्हणाली. “त्यानं निकाल बदलला नसता, ते मला माहीत आहे. पण मग मला कळलं असतं की आईबाबांसाठी तुम्ही एक खोटं तरी बोललात.”

“आणि ते खोटं की खरं, हे कळलं असतं?”

“ते आता कधीच कळणार नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर.”

आयोगाचा अहवाल चार महिन्यांनी आला. त्यात आमणगावबद्दल एक ओळ होती : नागरिकांना स्थलांतराचा इशारा देण्यात आला नव्हता असे म्हणण्यास पुरेसा आधार आढळून येत नाही.

*

अहवाल वाचल्यावर भूपालअण्णांनी एक गोष्ट ठरवली. त्रिशलाला काहीतरी खरं द्यायचं. जे उरलं असेल ते. मग ते त्यांच्याच विरुद्ध का असेना.

त्या संध्याकाळचा फोन कणगीत होता. त्यांच्या जुन्या फोनला प्रत्येक बोलणं साठवायची सोय होती आणि ती त्यांनी कधी बंद केली नव्हती. तो फोन त्यांना तोंडपाठ होता. सात वर्षं तो न ऐकता पाठ होता.

ते म्हणाले होते, टीव्हीवर सांगितलंय, घर सोडायची गरज नाही. शांतिनाथ म्हणाला होता, मग थांबू म्हणतोस अण्णा? कुसुमला भ्या वाटालंय. आणि ते म्हणाले होते, “थांबा की. तसंही उद्या सन्मतीचे पाहुणे यायचेत, घरात गर्दी होईल.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, विमलताईंनासुद्धा. त्रिशलाने ते स्वत:च ओळखलं होतं. टीव्हीवरचं वाक्य खरं होतं आणि हेही खरं होतं. दोन्ही एकत्र ऐकवली, तर एकामुळे दुसऱ्यावर तिचा विश्वास बसेल. स्वत:ला वाचवायला रचलेल्या फोनात कोणी स्वत:चा गुन्हा ठेवत नाही. ती त्यांना माफ करणार नाही, पण निदान खोटारडा म्हणणार नाही.

त्यांनी दार लोटलं आणि कणगीला नोंद मागितली.

“हॅलो, शांतिनाथ?” त्यांचा स्वत:चा आवाज, स्वच्छ, जवळून आल्यासारखा. “पाणी वाढतंय. निघा लगेच. वर या. विमलनं भात टाकलाय.”

“बरं अण्णा. कुसुम गाठोडं बांधालीय. निघतोच.”

“सांभाळून या.”

“येतो की. पत्ते काढून ठेव.”

फोन संपला.

अण्णांनी मूळ अंश पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती. दर पुराला झालेलं बोलणं त्यांना ओळखता येत होतं. पत्त्यांचं बोलणं कोणत्या वर्षाचं होतं तेही आठवत होतं. एकाच वर्षी बोलणं वेगळं झालं होतं, किरकोळ फरक.

हे त्रिशलाला पाठवलं तर ते निर्दोष सुटत होते. नेहमीच्या वाक्यासारखंच हे वाक्यही त्यांच्या बाजूने उभं होतं, त्यांनी न सांगता. दोष कोणाचाच उरत नव्हता. प्रशासनाने निघा म्हटलं होतं, थोरल्या भावाने निघा म्हटलं होतं, धाकट्याने निघतो म्हटलं होतं. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं आणि तरी खालच्या पेठेत दोन माणसं बुडाली होती.

त्यांनी ते पाठवलं नाही. पुन्हा लावलं.

“कोण बोलतंय?” स्वयंपाकघरातून विमलताईंनी विचारलं. मग भांड्यांचा आवाज थांबला. “भावजींचा आवाज वाटला.”

“कोणी नाही,” अण्णा म्हणाले आणि आवाज कमी करून तिसऱ्यांदा लावलं. “निघतोच,” शांतिनाथ म्हणाला.

पडद्यावर ओळ आली : ‘ही नोंद तुम्ही तीन वेळा ऐकली. आवडतीत ठेवावी का? आवडत्या नोंदींत बदल केला जात नाही.’

भूपालअण्णांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ‘हो’ दाबलं.